झूल कुणाच्या थंडीची?

थंडी पडली की घोडा आत घ्या, दार लावून घ्या, भिंतींना गोणपाट मारा, अंगावर दोन झुली चढवा आणि चंदी दुप्पट करा, असा उपदेश सुरतेतल्या एका अश्वप्रेमी गृहस्थांनी चालवला आहे. उघड्यावर बांधलेला घोडा त्यांना अनाथ वाटतो. युक्तिवादाचा गाभा एवढाच, की पौषात पहाटे त्यांना स्वतःला स्वेटर लागतो.

आधी झुलीचेच पाहू. जानेवारीत सुरतेचा पारा रात्री १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी तिशीला टेकतो. धडधाकट घोड्याला साधारण ५ ते २५ अंशांत ऊब राखायला वेगळी खटपट करावी लागत नाही. म्हणजे त्याची अडचण पहाटे नाही, दुपारी आहे. आणि नेमकी तेव्हाच रात्रीची झूल पाठीवर विसरलेली असते. गारठ्यात घोड्याचे केस उभे राहतात, त्यांत हवा अडकते, तीच त्याची रजई. वर जड झूल टाकली की केस चपटे. दुपारी आत घाम, संध्याकाळी वारा, आणि मग ओला घोडा खरोखरच कुडकुडतो. गृहस्थ लगेच म्हणणार, पाहा, मी सांगत नव्हतो? तिसरी झूल आणा!

बंद खोलीत मुताचा उग्र वायू साचून फुप्फुसे बिघडतात. दुप्पट चंदीने ऊब राहते बाजूला, पोटशूळ उठतो.

‘दख्खनी तट्टांचे सोडा, काठियावाडी जात नाजूक,’ हा त्यांचा ठेवणीतला मुद्दा. मागे वाद उन्हाळ्याचा होता, तेव्हा हीच जात सौराष्ट्राच्या उन्हात तावून काटक झालेली होती! जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची फौज सुरतेबाहेर उधन्यापाशी उतरली, तेव्हा त्या घोड्यांना दारे लावून घ्यायला तबेले कुठले होते? सुरतेच्याच तापी नदीच्या काठी, वरच्या अंगाला, सारंगखेड्यात दत्तजयंतीच्या यात्रेला घोडे आजही उघड्यावर बांधतात, आणि तिथली रात्र सुरतेपेक्षा गार असते.

मग करावे काय? वर छप्पर, उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा, खाली कोरडी जमीन. रात्री वैरण भरपूर. तिचा चोथा आतड्यात आंबतो तेव्हा अंगात उष्णता होते. पाणी फार गार नको, नाहीतर घोडा कमी पितो आणि लीद अडते. म्हातारा, हडकलेला किंवा केस कातरलेला घोडा असेल तर पहाटेपुरती कोरडी झूल घालावी, ऊन आले की उतरवावी.

खरी काळजी वरातीच्या घोडीची. उत्तरायणानंतर लग्नसराई लागली, की डीजेपुढे तास तास नाचवून, जरीच्या झुलीखाली घामाने भिजवून तिला मध्यरात्री तशीच टेम्पोत चढवतात. अंग पुसणे नाही, फिरवून दम खाली बसू देणे नाही. तिच्याबद्दल या गृहस्थांना एक शब्द सुचलेला नाही. तेव्हा ते वऱ्हाडात पुढे असतात.