वसंतमालेला घालवून देऊ नका

मुलगी दहावी झाली की आपल्या घरांमधून तिची एकेक गोष्ट कमी होत जाते. खेळ त्याआधीच सुटलेला असतो. मग गच्चीवर जाणं कमी होतं, मोठ्यानं हसणं कमी होतं, आणि मग नंबर लागतो मैत्रिणीचा. "मैत्रिणी काय जन्माला पुरतात?" हे वाक्य माझ्या आजीनं आईला ऐकवलं, आईनं मला आणि मी माझ्या मुलीला. आज मला या वाक्याशीच भांडायचं आहे. पण आधी माझा गुन्हा सांगते. तो लपवून दुसऱ्यांना चार गोष्टी सुनवायला मला तोंड नाही.

माझी मुलगी अकरावीत होती. संध्याकाळचा क्लास लक्ष्मीबाई कॉलनीत. ग्वाल्हेरमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको, क्लासेसची सगळी जत्रा तिथंच भरते. तिची एक मैत्रीण होती, गोल पहाडियाकडे राहणारी. त्या मुलीचे आजोबा बिर्लानगरच्या जे.सी. मिलमध्ये होते. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली आणि तसल्या हजारो घरांची घडी विस्कटली, त्यातलं हे एक. वडील टेम्पो चालवायचे, तोही भाड्याचा. दोघी क्लासमधून फुलबागेपर्यंत चालत यायच्या, बायाबिया बसलेला टेम्पो बघून त्यात चढायच्या आणि बाड्यावर उतरायच्या. बाड्यावर त्या मुलीचा धाकटा भाऊ सायकल घेऊन उभा असायचा, माझी मुलगी तिथून दाणाओळीत घरी. हिवाळ्यात सात वाजता मिट्ट काळोख आणि वर धुकं. पण दोघी होत्या म्हणून मला कधी घोर लागला नाही.

दोघींमध्ये पुस्तकांचा एक संच होता. फोन एकच, माझ्या मुलीचा. पैसे एकीकडे संपले की दुसरी भाडं द्यायची. टेम्पोत कुणी अंगचटीला आला तर कोणी कुठल्या बाजूला सरकायचं आणि करकटक कुणाच्या हातात असायचं, हेही ठरलेलं. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की ती मुलगी आमच्या घरी येते, तिच्या डब्याला कांद्याचा वास येतो, तिच्या थोरल्या बहिणीबद्दल लोक काहीबाही बोलतात. घरात आम्ही तिचं नावसुद्धा घेत नसू. 'ती पहाडियावाली' म्हणायचो.

एक दिवस मंदिरातून येताना कुणीतरी माझ्या कानाशी लागलं. मी घरी येऊन फर्मान काढलं. उद्यापासून स्कूटरवर मी सोडणार, मी आणणार. कारण सांगितलं अभ्यासाचं. मुलगी रडली, दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली. मला वाटलं, जिंकले.

झालं काय ते ऐका. फुलबाग ते बाडा हा टप्पा त्या मुलीला एकटीनं करावा लागला. महिनाभर तिनं केला. मग बापानं क्लास बंद केला, कारण "अकेली कैसे आएगी." पुढे शाळा रखडली. अठरा पूर्ण व्हायला चार महिने बाकी असताना मोरेनाकडच्या एका खेड्यात तिचं लग्न लावून दिलं. बालविवाहाला मनाई करणारा कायदा २००६चा आहे. तो मांडवात कुणाला आठवला नाही.

आणि माझी मुलगी? तिला मार्क छान पडले. फक्त त्याच वर्षी एक मुलगा तिला दोन महिने धमकावत होता, फोटो घरी पाठवीन म्हणून. तिनं मला सांगितलं नाही. का नाही, असं मी विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू क्लासच बंद केला असतास. जिला सांगायचं तिला तू आधीच बंद केलं होतंस." कॉलेज संपवून नोकरीला लागल्यावर तिनं हे मला सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता भांडण.

तुम्ही म्हणाल, मैत्री ही हौस आहे, सुबत्तेतली गोष्ट. मी म्हणते, उलट आहे. ज्या मुलीकडे गाडी आहे, स्वतःची खोली आहे, ऐकून घेणारी आई आहे, तिला मैत्रीण नसली तरी एक वेळ निभेल. जिच्याकडे यातलं काहीच नाही तिची मैत्रीण हीच गाडी, तीच खोली आणि तीच वकील. शहरात गरीब घरची मुलगी एकटी बाहेर पडत नाही, तिला पडू देत नाहीत. दोघी असल्या तर परवानगी मिळते. म्हणजे एक मैत्रीण तोडली की दोन घरांतली परवानगी जाते. आमच्याकडे स्कूटर होती म्हणून आमचं भागलं. तिच्याकडे माझी मुलगी होती, ती मी काढून घेतली. याला मी 'मुलीची काळजी' असं नाव दिलं होतं.

हा प्रांत कुठला आहे ते विसरू नका. २०११च्या जनगणनेत ग्वाल्हेर, मोरेना, भिंड या तिन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली साडेआठशेसुद्धा भरल्या नाहीत. इथं मुलगी जन्माला येऊन सोळा वर्षांची होते हेच मोठं. सरकार आपल्या परीनं करतं. मध्य प्रदेशात २००७पासून लाडली लक्ष्मी योजना आहे. मुलगी सहावीत गेली की दोन हजार, नववीत चार हजार, अकरावी-बारावीत सहा-सहा हजार आणि अठराच्या आत लग्न केलं नाही तर एकविसाव्या वर्षी मोठी रक्कम. योजना चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. पण सहावीतून बारावीपर्यंत पोचायला रोज घरातून निघावं लागतं आणि रोज परत यावं लागतं. त्या येण्याजाण्याचा हप्ता कोणत्याही खात्यात जमा होत नाही. तो मैत्रीण भरते.

"मैत्रिणी बिघडवतात." हे एक ठरलेलं उत्तर. बिघडवतात म्हणजे काय करतात? एकीचं कुठं मन जडलं तर दुसरी चिठ्ठी पोचवते, हीच भीती ना? पोचवत असेल. पण तीच दुसरी हेही सांगते की तो मुलगा धड नाही. आईनं सांगितलं तर मुलगी हट्टाला पेटते, मैत्रिणीनं सांगितलं तर विचार करते. जिला मैत्रीण नाही तिला कोण सांगणार? हातातला फोन? आणि एकटी पडलेली मुलगी सुरक्षित असते हे कुणी ठरवलं? माझी होती का? मुलीला छळणारा आधी ती एकटी आहे का तेच बघतो.

"आपल्यातल्याच मुलींशी कर की मैत्री." हे दुसरं उत्तर, आणि हे ऐकलं की माझ्या अंगाची लाही होते, कारण ते मीच दिलं होतं. आपण जैन. तत्त्वार्थसूत्रात चार भावना सांगितल्या आहेत. मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य. त्यात मैत्री पहिली, आणि ती सगळ्या जीवांशी. पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवासाठी आपण पाणी गाळून पितो. आणि समोर उभी असलेली, अंगात शाळेचा स्वेटर घातलेली सोळा वर्षांची मुलगी आपल्याला दिसत नाही? तिच्या डब्यातला कांदा तेवढा दिसतो? गोपाचलावरच्या आपल्या मूर्तींचे चेहरे बाबराच्या हुकमानं फोडले गेले, हे दुःख आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना आजही सांगतो. सांगायलाच हवं. पण घरात बसून, कुणाच्या हुकमावाचून, आपण जे फोडतो त्याचं काय?

शास्त्राचंच बोलायचं तर पद्मपुराणातली अंजना आठवा. आपण तिची गोष्ट सतीची गोष्ट म्हणून सांगतो. पवनंजयानं बावीस वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. एका रात्री गुपचूप येऊन तो युद्धावर निघून गेला. दिवस गेलेले दिसले तेव्हा सासू केतुमतीनं तिला कुलटा ठरवून बाहेर काढलं. ती माहेरी गेली तर बापानं, राजा महेंद्रानं, थारा दिला नाही. मग रानात तिच्यासोबत कोण गेलं? सखी वसंतमाला. ती अंजनेला सोडून जाऊ शकली असती. गुहेत हनुमानाचा जन्म झाला तेव्हा बाळंतिणीपाशी तिचा नवरा नव्हता, सासू नव्हती, आई नव्हती. वसंतमाला होती. व्रताच्या दिवशी ही कथा ऐकताना आपण अंजनेसाठी डोळे पुसतो, आणि घरी येऊन मुलीच्या वसंतमालेला दाराबाहेर काढतो. त्या गोष्टीत आपण कोण असतो ते ध्यानात येतंय का? केतुमती.

पुराणातली वांगी पुराणात, असं म्हणणाऱ्यांसाठी अलीकडचं सांगते. मुंबईच्या श्राविकाश्रमाच्या मगनबाई, सोलापूरच्या कंकूबाई, त्यांच्या सोबतीनं राबलेल्या ललिताबाई. तिघींनाही तरुणपणीच वैधव्य आलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा बाईनं कोपऱ्यात बसून आयुष्य काढायचं असतं. त्या एकमेकींच्या आधारानं उठल्या आणि दुसऱ्या विधवांना, परित्यक्तांना शिकवायला लागल्या. एकेकीनं हे केलं असतं का? मला वाटत नाही. आपण त्यांचे फोटो लावतो, पण त्या मैत्रिणी होत्या हे मुलींना सांगत नाही.

आणि आपल्याच गावात, कंपूला, २००६पासून राज्याची महिला हॉकी अकादमी आहे. तिथं मुली एकत्र राहतात, एकत्र जेवतात, एकत्र पडतात आणि उठतात. कितीजणी अशा घरांतल्या, जिथं पहिली स्टिक घ्यायला पैसे नव्हते. ग्वाल्हेरची इशिका चौधरी याच शहरात घडली. हांगझोऊच्या आशियाई खेळांत ब्राँझ मिळवणाऱ्या भारतीय संघात ती होती, आणि त्याच संघात आपल्या साताऱ्याकडची वैष्णवी फाळके होती. पदक आलं की आपण पेढे वाटतो. तिथं कुणी म्हणत नाही की मैत्रिणींनी मुली बिघडतात. तिथं त्याला टीम म्हणतात. मग फुलबागेच्या चौकात टेम्पोची वाट बघत उभ्या राहिलेल्या दोघी टीम नाहीत का? त्यांचा सामना रोज असतो आणि बघायला कुणी येत नाही.

म्हणून आयांनो, तुमच्याशी बोलते. बापांचं नंतर बघू, कारण हे काम बहुतेक घरांत आपणच करतो. मुलीची मैत्रीण घरी आली तर तिचं नाव विचारा आणि नावानं हाक मारा. तिला जेवायला बसवा, आपलं बिनकांद्याचं का होईना. तिच्या आईला एकदा भेटून या, तिच्या घरी जाऊन, आणि तिथं चहा घ्या. स्कूटर असेल तर मागं दोघींना बसवता येत नाही, कबूल. पण टेम्पोत दोघींबरोबर तिसरी म्हणून तुम्ही बसू शकता. मी बसू शकले असते. दहा रुपयांचा प्रश्न होता. आणि मुलगी सासरी निघाली की सामानात मैत्रिणीचा नंबरही जाऊ द्या, जावयाला न विचारता.

दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी सगळ्यांची क्षमा मागते. आता तर काय, एक मेसेज तयार करायचा आणि दोनशे जणांना पाठवायचा. गेल्या वर्षी मुलीनं विचारलं, "हिला पाठवलास?" तिच्याकडे त्या मुलीचा नंबर आहे, हे मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं माझ्या पाठीमागे दोघींनी तो जपला होता. मी मेसेज पाठवला नाही, फोन लावला. पलीकडे लहान मूल रडत होतं. मी नाव सांगितलं, पुढे काय बोलायचं ते सुचेना. तीच म्हणाली, "आंटी, वह कैसी है? अब भी करकटक रखती है बैग में?"

क्षमा मागायची राहिली. पुढच्या महिन्यात मोरेनाला जाणार आहे, मुलीला घेऊन. टेम्पोनं नाही, पण बसनं, तिघींच्या ऐवजी दोघी.