पडद्यावरचे मुके

दोस्तहो, बोरीत आम्ही पाच जणं परवा रातभर भांडलो. भांडण पिक्चरवरून. जिंतूर तालुक्यातल्या या गावात आमच्यातल्या एकाचं घर आहे. सुट्टीला जमलो, भिंतीला चादर ठोकली अन् ‘अंकुर’ (1974), ‘आक्रोश’ (1980), ‘सद्गती’ (1981) पाठोपाठ पाहिले. कॉलेजात असताना याच पिक्चरांना आम्ही टाळ्या पिटल्या होत्या. या वेळी टाळी निघाली नाही.

माझ्या डोक्यात एक हिशेब बसला होता. 1972 ला मुंबईत पँथर उभी राहिली. 1978 ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. म्हणजे नेमकी याच वर्षांत आमची माणसं रस्त्यावर गळा फाटेस्तोवर बोलत होती. आणि पडद्यावर? ‘अंकुर’चा किष्टय्या मुका-बहिरा. ‘आक्रोश’चा लहान्या भिकू आपल्या वकिलाशीही बोलत नाही, त्याच्या वतीनं बोलणार भास्कर कुलकर्णी. ‘सद्गती’चा दुखी लाकूड फोडता फोडता मरतो, बामण त्याचं प्रेत दोरीनं ओढत नेतो. एक कुंभार, एक आदिवासी, एक चांभार. जाती वेगळ्या, मुकेपण एकच. मी म्हणालो, साला, ज्याला कीव करायचीय त्याला मुका माणूसच बरा पडतो. बोलणारा उलट सवाल करतो.

एक दोस्त उखडला. म्हणाला, ‘‘लहान्या गप्प आहे तो जीभ नाही म्हणून नव्हं. बोललं तर घरातलं उरलंसुरलंही जाईल म्हणून. खटल्यात साक्षीदार कामून फिरतात, माहीत नाही का तुला?’’

मग आमची मैत्रीण बोलली, ‘‘तुम्ही बाप्यांनी बाप्येच पाहिले. किष्टय्याला चाबकानं फोडल्यावर जमीनदाराच्या दारात उभं राहून त्याला शिव्याशाप कोण देतं? लक्ष्मी. दुखीच्या प्रेताजवळ पावसात टाहो कोण फोडतं? झुरिया. त्या मुक्या दिसल्या का तुम्हाला?’’

मी गप्प बसलो. माझा हिशेब खोटा नव्हता, पण अर्धा होता. बाई बोलली ती आम्ही ऐकलीच नव्हती. कुलकर्ण्यांना नावं ठेवणाऱ्या आमच्याही कानात बोळे होते.

पहाटे ‘फँड्री’ (2013) लावला. ‘अंकुर’च्या शेवटी एक पोरगं जमीनदाराच्या घरावर दगड मारतं. आपण सुरक्षित बसून बघतो, बरं वाटतं. ‘फँड्री’त जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो, म्हणजे आपल्यावर. चाळीस वर्षांत एवढा फरक पडला. कारण या वेळी कॅमेऱ्यामागं नागराज मंजुळे होता, गावकुसाबाहेरून आलेला. आणि ज्यांना मुकी माणसं बघायची सवय झालीय त्यांनी ‘जयभीम कॉम्रेड’ (2011) बघावा. 1997 च्या रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर आनंद पटवर्धननं चौदा वर्षं खपून तो केला. त्यात वस्त्या बोलतात, गातात, हिशेब मागतात.

तेव्हा दोस्तहो, जुने पिक्चर फेकून देऊ नका. पण एकेक बघून डोळे पुसत घरी जाऊ नका. एका विषयाचे तीन-चार मिळून बघा आणि विचारा : यात कोण बोलतंय? कोणाच्या वतीनं? आणि जी बोलत होती तिला आपण ऐकलं का?

शेवटचा सवाल आधी स्वतःला विचारा.