ताकद इंजिनात, जीव हुकात

दसरा-दिवाळी उरकली की पाटोदा तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पूर्वी बैलगाड्यांची रांग लागायची, आता पुष्कळ टोळ्या ट्रॅक्टरवर असतात. भांडीकुंडी, कोयते, लेकरं सगळं ट्रॉलीत. कारखान्याचं बॉयलर पेटलं की तोच ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस ओढतो. हंगाम संपवून उन्हाळ्यात गावी आला की बाभळीचे बुंधे उपटायला, विहिरीवरचे धोंडे हलवायला, पाण्याचा फसलेला टँकर काढायला त्यालाच बोलावणं. ओढकामात त्याला उसंत नाही. पण ओढायचं कसं, हे ट्रॅक्टर घेताना कोणी सांगत नाही. शोरूममध्ये एचपी किती, ॲव्हरेज किती आणि हप्ता किती, एवढ्यावरच बोलणं संपतं.

बैलाला आणि ट्रॅक्टरला एकच कायदा लागू नाही. ओझं हललं नाही तर बैल थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही. मागची चाकं चिखलात किंवा दगडाला अडली आणि आपण क्लच सोडून रेस वाढवली, तर इंजिनाची ताकद कुठंतरी जाणारच. चाक फिरेना म्हणून ट्रॅक्टरचं धूडच मागच्या एक्सलभोवती फिरू लागतं, तोंड वर उठतं आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. याला जेमतेम दीड सेकंद लागतो. उडी मारू म्हणणाऱ्याला तेवढी सवड मिळत नाही.

साखळी कुठं बांधली यावर बरंचसं ठरतं. टॉपलिंकच्या जागी, सीटखाली किंवा एक्सललाच साखळी गुंडाळणारे आपल्याकडं कमी नाहीत. उंचावरून ओढ जास्त बसते असा समज आहे. ओढ बसते खरी, पण ती तोंड उचलायला. साखळी एक्सलच्या खालच्या ड्रॉबारलाच हवी. ती हळूहळू ताणावी, मगच जोर लावावा. ढील देऊन झटका मारला की साखळी तुटते, आणि तुटलेली साखळी किंवा वायररोप कुणाकडं येईल याचा नेम नसतो. बघ्यांना लांब उभं करावं. फसलेल्या चाकाला लाकूड बांधून निघायची युक्ती तर सगळ्यात वाईट, कारण तिथं चाक पक्कं अडतं. पुढची माती खणावी, जमल्यास रिव्हर्समध्ये निघावं, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवावा. त्यात कमीपणा कसला?

मिनी ट्रॅक्टरवाल्यांनी जास्त जपावं. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना राज्य शासन नव्वद टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देतं, त्यामुळं लहान यंत्रं गावोगाव आली. कोळपणी-फवारणीला उत्तम. पण आठशे किलोच्या आसपास वजनाच्या यंत्रामागं भरलेली मोठी ट्रॉली लावली, तर उतारावर कोण कुणाला ओढतं हे सांगायला नको.

उताराचा प्रश्न बालाघाटात राहणाऱ्यांना वेगळा सांगायची गरज नाही. ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्या चाकांना, आणि कितीतरी ट्रॉल्यांना ब्रेकच नाहीत. दोन-अडीच टनाच्या ट्रॅक्टरला मागून पंधरा टन ढकलतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा ड्रायव्हर टोळीचा जीव पणाला लावतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल कडीनं जोडलेली हवीत.

हे ड्रायव्हरला कळत नाही असं नाही. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. उचल घेतलेली, ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर. मग जादा टन भरला जातो, रात्रीची जादा खेप होते. दोष एकट्या ड्रायव्हरवर ढकलून मुकादमाला, मालकाला आणि कारखान्याला मोकळं होता येणार नाही. स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला उलटण्यापासून वाचवणारी मजबूत चौकट सक्तीची झाली आणि चिरडून मरणं खूप कमी झालं. आपल्याकडं अनेक ट्रॅक्टरांवर फक्त उन्हाची छत्री असते. उलटल्यावर ती कागदासारखी दबते. (चौकट असली तरी सीटबेल्ट लावावाच लागतो.)

सरपंच, तलाठी, ग्रामसेवकांसाठी एक गोष्ट. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २०२३ पासून मृत्यूला दोन लाख आणि एक हात, पाय किंवा डोळा गमावल्यास एक लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं तीस दिवसांत द्यायचा असतो. दुःखात हे दिवस निघून जातात, म्हणून कागदपत्रांसाठी गावानंच पुढं व्हावं. पण ही योजना वहितीधारक खातेदार आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी. ट्रॉलीत बसलेला भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही, आणि ट्रॉलीत गर्दी असते ती त्यांचीच.

टोळ्या निघण्याआधी ग्रामपंचायतीसमोर एक सकाळ ट्रॅक्टर उभे करून ड्रॉबारची पिन, तिची क्लिप, ट्रॉलीची जादा साखळी आणि मागचे रिफ्लेक्टर बघायला फार वेळ लागत नाही. झिजलेली पिन तर बोटानंही कळते.