हुन्नर आहे, सनदही हवी

अग्निशमन दलाचा बंब रस्त्याने निघाला की आपण सारे बाजूला होतो. पण तो बांधतो कोण, याचा विचार फार थोडे करतात. चासी मोठ्या कंपनीची येते. तिच्यावर पाण्याची टाकी, पंप, शिडी चढते ती बहुतेक वेळा बॉडी बांधणाऱ्या वेगळ्या कारखान्यात. रुग्णवाहिका, बँकेची रोकड नेणाऱ्या गाड्या यांचेही पुष्कळदा असेच असते. हे सर्व भाग जुळवून बसवणारा कारागीर म्हणजे असेंब्ली फिटर. आपल्या मुलांनी या कामात जावे आणि रीतसर शिकून जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम हेल्परचे नव्हे. साडेचार हजार लिटरची टाकी भरली की नुसते पाणीच साडेचार टन होते. खड्ड्यात चाक गेले की चासी पिळली जाते. टाकी ताठ जखडली असेल तर तिच्या वेल्डिंगला तडे जातात. म्हणून ती रबराच्या किंवा स्प्रिंगच्या आधारावर बसवतात. महत्त्वाचा बोल्ट किती आवळायचा ते ठरवून दिलेले असते. फिटर टॉर्क रेंचने तेवढाच आवळतो आणि खूण म्हणून वर रंगाची रेघ मारतो. सैल राहिला तर सुटतो, फाजील आवळला तर तुटतो. आम्हा कापडवाल्यांचे माप चुकले तर जोड देता येतो. येथे चुकीची किंमत आगीत अडकलेला माणूस मोजतो.

आपल्या मोहल्ल्यांत गॅरेजे आहेत, वेल्डिंगची दुकाने आहेत. उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला मुलगा नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष सांगतो. पण कारखान्याच्या फाटकावर पहिल्यांदा कागद मागतात. नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमान कमी आणि स्वतःच्या लहान धंद्यात जास्त आहेत, हे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले. कागद नसणे हे त्याचे एक कारण आहे, असे मला वाटते.

आयटीआयचा फिटर ट्रेड दोन वर्षांचा आहे. दहावी पास मुलाला प्रवेश मिळतो. कानस चालवण्यापासून व्हर्नियरने मोजण्यापर्यंत आणि ड्रॉइंग वाचण्यापर्यंत सर्व तेथे शिकवतात. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. मी स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, त्यामुळे माध्यमाची भीती मला ठाऊक आहे. पण ड्रॉइंगची भाषा रेघांची आणि आकड्यांची असते. ती प्रत्येकाला नव्यानेच शिकावी लागते.

कोणी म्हणेल, सनद घेऊनही ठेकेदाराकडेच राबावे लागते. पुष्कळ ठिकाणी तसे होते, हे खरे. म्हणून नेमणूकपत्र, पगाराची पावती आणि भविष्य निर्वाह निधीचा नंबर पहिल्या महिन्यातच मागून घ्यावा. शिवाय एक नोकरी गेली तरी सनद दुसऱ्या फाटकावर चालते. बिनसनदी हेल्परला तेथे पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते.

दुकानदार बंधूंनो, दहावी झालेल्या मुलाला लगेच गल्ल्यावर बसवू नका. आणि उस्ताद मंडळींना विनंती, की हुशार शागीर्दाला दोन वर्षे मोकळे करा, सुट्टीत तो शेडमध्ये येईलच. आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास निघतात. घरात तेव्हाच बोलणी करा, मुदत गेल्यावर नव्हे.