बेचाळीस हजारांचं सामान आणि एक पाना

गेल्या डिसेंबरात सावंतवाडीहून पुण्याला परतत होतो. आंबोलीचा घाट चढताना एका डाव्या वळणावर माझी बाईक वळलीच नाही. हँडलला जोर दिला होता, अंग झुकवलं होतं, वेगही फार तर चाळीस असेल. तरी गाडी हट्टाला पेटल्यासारखी सरळ निघाली आणि मधल्या पट्ट्याच्या पलीकडे गेली. समोरून ट्रक उतरत होता. त्याच्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला, म्हणून हे लिहायला शिल्लक आहे.

मागे माझी धाकटी बहीण बसली होती. आंबोलीत चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा तिने ओरडा केला नाही, रडली नाही. एवढंच विचारलं, "दादा, गाडी वळत का नव्हती?"

मी इंजिनिअर आहे. चार वर्षं हुक्स लॉ, मोमेंट, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी घोकून पास झालोय. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझ्याकडे काय होतं ते सांगतो. लेगगार्ड, दोन फॉग लाईट, हँडल वर घेणारे रायझर, जेलची सीट, मागच्या चाकाला मूळ मापापेक्षा रुंद टायर, उंच विंडशील्ड आणि मागे कॅरियरवर चौकोनी टॉप बॉक्स. एकूण खर्च बेचाळीस हजार. "टूरिंगसाठी गाडी तयार केलीय," असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरत होतो.

घरी आल्यावर पहिल्यांदा टेप घेऊन गाडीपाशी बसलो. जे सापडलं त्यावरून माझं ठाम मत झालंय, आणि ते कडू आहे. आपल्याकडे टूरिंगच्या नावाखाली जे मॉडिफिकेशन चालतं, त्यातलं बरंचसं गाडी बिघडवण्याचं काम आहे. आपण आराम विकत घेत नाही. आपण टूरिंगचा पोशाख विकत घेतो आणि तो गाडीला घालतो.

आधी माझ्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर.

मागच्या शॉकअपची स्प्रिंग वजनाखाली किती बसते, याला सॅग म्हणतात. ते मोजायला शिवणकामाची टेप पुरते. गाडी सेंटर स्टँडवर घ्यायची, मागचं चाक अधांतरी ठेवायचं. चाकाच्या ॲक्सलपासून सरळ वर गाडीवरच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचं अंतर मोजायचं. मग गाडी खाली घेऊन, जॅकेट-हेल्मेटसकट, सामानासकट वर बसायचं, कुणीतरी गाडी सरळ धरायची आणि तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन्हीतला फरक म्हणजे सॅग. चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश सॅग असावा, हा रस्त्यावरच्या गाड्यांसाठीचा साधारण हिशोब. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाला १८० मिलिमीटर हालचाल आहे, म्हणजे ४५ ते ६० मिलिमीटर ठीक. दोघं बसून, सामान लादून माझा सॅग भरला ९५. अर्ध्याहून जास्त स्प्रिंग गाडी उभी असतानाच संपलेली.

मागून गाडी अशी खचली की पुढचा फोर्क जास्त तिरका होतो, ट्रेल वाढतो आणि हँडल जड, सुस्त होतं. त्यात भर टॉप बॉक्सची. दहा किलोची पेटी मागच्या ॲक्सलच्या एक फूट मागे ठेवली, तर दीड मीटर व्हीलबेसच्या गाडीत पुढच्या चाकावरून साधारण दोन किलो वजन उचललं जातं आणि मागच्या चाकावर बारा येतं. सी-सॉचंच गणित. रायझरमुळे माझं स्वतःचं धडही मागे गेलेलं. वर चढ आणि थ्रॉटल उघडा, म्हणजे उरलंसुरलं वजनही मागेच सरकणार. पुढच्या चाकावर जेमतेम भार. ते वळणार कशाच्या जोरावर?

गंमत म्हणजे गाडी आदल्या रात्रीपासून मला हे सांगत होती. समोरून येणारे सगळे अप्पर-डिपर मारत होते. मी म्हणत होतो, काय लोक आहेत! मागून खचल्यामुळे माझा हेडलाईट झाडांच्या शेंड्यांवर पडत होता, आणि त्याच वेळी फॉग लाईट त्यांच्या डोळ्यात.

आणि उपाय? टूलकिटमध्ये अर्धचंद्रासारखा एक पाना येतो. शॉकअपची खाचा असलेली कडी त्याने फिरवली की प्रीलोड वाढतो. मी गाडी घेतल्यापासून तो पाना प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढला नव्हता. प्रीलोड होता तसाच, कंपनीतून आलेला. तो वाढवून, बॉक्स उतरवून, तेच सामान दोन बाजूंच्या बॅगांत खाली आणि पुढे घेतल्यावर दोघांच्या वजनाला सॅग ६४ वर आला. खर्च शून्य. बॅगा आधीच घरात होत्या.

इथे एक गैरसमज मोडायला हवा, कारण तो चांगल्या चांगल्या मेकॅनिकच्या तोंडून ऐकलाय: "प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते." होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेत आणि वेटोळ्यांत असतो, कडी फिरवून तो बदलत नाही. प्रीलोडने गाडी किती उंचीवर तरंगते ते बदलतं. म्हणूनच प्रीलोड शेवटच्या खाचेपर्यंत नेऊनही सॅग जास्त भरत असेल, तर दोनच खरे पर्याय: कडक स्प्रिंग बसवा, नाहीतर सामान कमी करा. तिसरा पर्याय दुकानात मिळत नाही.

दुकानात काय मिळतं? जे फोटोत दिसतं ते. पुण्यात नाना पेठेत जा, दिल्लीत करोल बागेत जा, लाईट, गार्ड, सायलेन्सर, स्टिकर यांचे डोंगर आहेत. सॅग मोजून देणारा माणूस शोधून दाखवा. दुकानदाराला दोष देत नाही, तो धंदा करतोय. रील बनवणाऱ्यालाही दहा खाचा असलेली कडी दाखवून व्ह्यूज मिळणार नाहीत. दोष आपला आहे. पंक्चरवाल्याकडे दहा रुपये देऊन थंड टायरची हवा तपासायचा कंटाळा, आणि दहा हजारांच्या लाईटसाठी ईएमआय.

एकेक देव खाली उतरवू.

मऊ सीट. दुकानात दोन मिनिटं बसून बघतो आणि खूश होतो. पण आपलं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं. मऊ फोम तासाभरात तिथे दबून तळाला टेकतो, मग खालचं पॅनल आणि हाडं यांच्यात काहीच उरत नाही. लांबच्या प्रवासाला घट्ट फोम आणि रुंद, सपाट बसण्याची जागा लागते. आपल्या गावातला सीटवाला हे काम हजार-दोन हजारांत करतो, पण त्याला "काका, मऊ करा" न सांगता "कुठे टोचतं" ते दाखवावं लागतं.

रायझर. पाठ सरळ होते हे खरं. पण सरळ पाठीतून खड्ड्याचा दणका थेट माकडहाडाला पोचतो, आणि पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. शिवाय हँडल वर गेलं की केबली ताणल्या जातात. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. आरपीएम आपोआप वाढला, तर तुमची थ्रॉटल केबल ताणलेली आहे आणि एखाद्या यू-टर्नला ती तुम्हाला पाडणार आहे. मनगट दुखत असेल तर रायझरच्या आधी ब्रेक आणि क्लचचे लिव्हर बघा. बोल्ट सैल करून ते इतके फिरवा की बोटं टेकवल्यावर हात कोपरापासून बोटांपर्यंत एका रेषेत येईल. माझ्या बधिर अंगठ्याचं निम्मं दुखणं यानेच गेलं.

रुंद टायर. मूळ रिमवर मापापेक्षा रुंद टायर चढवला की तो दोन्ही कडांनी चिमटला जातो, त्याची गोलाई बिघडते. मागून गाडी दमदार दिसते आणि वळताना आळशी होते. रबर जास्त म्हणजे पकड जास्त, एवढं ते सोपं नाही.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. त्यांना ॲक्सेसरीज नको असतात. त्यांचं म्हणणं वेगळंच: टूरिंग म्हणजे दुखणारच, बॉडीला सवय लावा, आमचे बाबा स्कूटरवर महाबळेश्वरला गेले होते. गेले असतील. आज त्यांच्या कंबरेला विचारा. सोसणं म्हणजे शौर्य, ही आपल्या रायडरांची लाडकी अंधश्रद्धा आहे. आठ तासांनी हात बधिर झालेला माणूस शूर नसतो, त्याला ब्रेक उशिरा लागतो एवढंच. आराम म्हणजे चैन नाही. दमलेला, दुखणारा, सारखा सीटवर सरकणारा माणूस वळण उशिरा बघतो. म्हणून आराम आणि हँडलिंग हे दोन वेगळे विषय धरणंच चूक आहे.

या अंधश्रद्धेचा सर्वात जास्त त्रास ज्यांची उंची कमी त्यांना होतो, आणि त्यात मुली खूप. साडेआठशे मिलिमीटर उंचीच्या सीटवरून पाय टेकत नाहीत म्हटलं, की ग्रुपमधला एकजण सांगतो, "ही गाडी तुझ्यासाठी नाही." दुसरा सांगतो, "लोअरिंग लिंक टाक." लिंकने गाडी मागून खाली आणली की पुढचं तसंच राहतं. म्हणजे आंबोलीत माझ्या गाडीचं जे झालं होतं, ते पैसे देऊन कायमचं करून घ्यायचं. वर ग्राउंड क्लिअरन्स कमी, आणि साईड स्टँड लांब पडून गाडी उभी राहते ती पडायच्या बेतात. त्याआधी सीटची पुढची बाजू दोन्हीकडून अरुंद करून बघा. मांड्या फाकल्या नाहीत की पाय सरळ खाली जातो, आणि फोमची उंची न छाटताही जमीन जवळ येते. ही सूचना मला कोणत्याही ग्रुपवर वाचायला मिळाली नाही. ती एका सीटवाल्या काकांनी दिली.

कायद्याचीही आठवण करून देतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजारांच्या दंडाची शिक्षा आली, सहा महिन्यांपर्यंतची कैदही होऊ शकते. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. आता गंमत बघा: प्रीलोड, हवेचा दाब, लिव्हरचा कोन, ब्रेक पेडलची उंची, सामानाची जागा, यातलं काहीच आरसीवर नसतं. ज्याने गाडी खरोखर सुधारते ते सगळं फुकट आणि कायदेशीर. पोलिसांची भीती ज्याची वाटते, ते बहुतेक मिरवायचं सामान.

"हौसेला मोल नसतं," असं कुणी म्हणेल. मान्य. स्टिकर लावा, रंगीत नट लावा, माझीही ना नाही. लेगगार्डही ठेवा, पडल्यावर उपयोगी पडतो. फक्त हौसेला हौस म्हणा. तिला सेफ्टी म्हणू नका, आणि नवीन गाडी घेतलेल्या पोराला ती यादी "मस्ट हॅव" म्हणून पाठवू नका. मला अशीच एक यादी आली होती.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. प्रोग्रॅम हळू चालत असेल तर आधी मोजा, वेळ कुठे जातोय ते बघा, मग कोडला हात लावा. हा नियम मी रोज ऑफिसात पाळतो आणि ज्या यंत्रावर बहिणीचा जीव ठेवला, तिथे वर्षभर विसरलो. म्हणून क्रम सांगतो: आधी हवा, मग सॅग, मग लिव्हर आणि पेडल, मग सामानाची जागा. एवढं करून पाचशे किलोमीटर चालवा आणि कुठे दुखतं ते लिहून ठेवा. त्यानंतरही काही घ्यायचं राहिलं, तर सीट घ्या. नंतर स्प्रिंग. बाकीचं पाकीट खिशात राहू द्या.

मी रायझर आणि रुंद टायर काढले. फॉग लाईट खाली वाकवून घेतले आणि समोरून कुणी आलं की बंद करतो. मार्चमध्ये आम्ही दोघं ताम्हिणीतून कोकणात उतरलो आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने चढलो. एका डाव्या वळणानंतर मागून आवाज आला, "वळली रे!"

आता तिने स्वतःसाठी एक सेकंडहँड बाईक बघितलीय. परवा फोन आला. मला वाटलं पैसे मागतेय. ती म्हणाली, "दादा, रविवारी ये. मी वर बसते, तू गाडी धर. टेप आईची आहे."