परसात गुलमोहर? मुळीच नको!

मंडळी, परवा पुतण्याचा फोन आला. "काका, घरामागे दहा बाय बारा फूट जागा आहे, सावलीला गुलमोहर लावतो." मी सरळ नको म्हटले. राग आला त्याला. येऊ दे!

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मे महिन्यात तो फुलला की मीही मान वर करून बघत राहतो, पण मैदानात किंवा रस्त्याकडेला. सावलीचे म्हणाल, तर मार्चमध्ये ऊन चढू लागते तेव्हाच हा पाने गाळून मोकळा! मुळे उथळ आणि पसरणारी, लाकूड ठिसूळ. आमच्या जुन्या घरचा एका पावसाळ्यात कुंपणाची भिंत घेऊनच आडवा झाला.

त्यापेक्षा मोरीचे पाणी जाते तिथे अळू लाव म्हटले. आमच्या आईचे तेच असे. काळ्या देठाचे वडीला, हिरव्या देठाचे फदफद्याला. श्रावणात शेजारणी पाने मागायला येत. शिवाय खाली आळकुड्या! घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. चिंच घाला, नीट शिजवा. (हल्लीच्या मुलांना तेवढा धीर कुठला म्हणा.)

"अळूखाली बसता येतं का?" म्हणे. नाही येत. पण तेवढ्याशा जागेत बुंधा वाढल्यावर खुर्ची तरी कुठे टाकणार?

रविवारी कंद घेऊन जातोय. सूनबाईचा होकार आहे.