गिअरचे तेल : वहीत न दिसणारे देणे

मार्चअखेर ताळेबंद तयार होताना दुकानाच्या पिकअपपुढे घसाऱ्याचा आकडा लिहिला जातो. स्वतःच्या मालाच्या ने-आणीसाठी ठेवलेल्या वाहनावर आयकराच्या नियमांनुसार घटत्या किमतीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळत आला आहे. या हिशेबाने आठ लाखांस घेतलेली पिकअप दहा वर्षांनंतर वहीत सुमारे १ लाख ५७ हजारांची उरते. प्रत्यक्षात ती त्या दिवशीही पहाटे मार्केट यार्डातून पोती आणत असते आणि दुपारी गावोगावच्या गिऱ्हाइकांना माल पोहोचवीत असते. वहीतील घसारा नियमाने होतो, अंगणातील घसारा हेळसांडीने होतो. पहिला आपल्या हाती नाही, दुसरा पुष्कळसा आपल्या हाती आहे.

या दुसऱ्या घसाऱ्याचे एक मोठे कारण म्हणजे गिअरचे तेल. इंजिनाचे तेल बहुतेक व्यापारी वेळेवर बदलतात, कारण सर्व्हिसिंगच्या चिठ्ठीवर त्याची तारीख लिहिलेली असते. गिअरबॉक्सचे आणि मागच्या चाकांच्या मध्ये असलेल्या क्राउनचे तेल मात्र बंद डब्यात असते. ते जळत नाही, सहसा कमी होत नाही आणि तक्रारही करीत नाही. त्यामुळे पुष्कळ गाड्यांत कारखान्यातून आलेले तेल पहिला मालक गाडी विकेपर्यंत तसेच राहते. बँकेच्या भाषेत बोलायचे तर हे तरतूद न केलेले देणे आहे. ताळेबंदात ते दिसत नाही, पण त्याची मुदत भरत असतेच.

तेल जुने होते म्हणजे काय होते, हे समजून घेणे अवघड नाही. दोन दातेरी चाके एकमेकांवर प्रचंड दाबाने फिरत असताना त्यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि लोखंडाला लोखंड लागू न देणे हे त्याचे काम असते. उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीकरण होते. तापमान दर १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. धातूचा बारीक चुरा तेलात मिसळतो. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली, तर तापलेला क्राउन गार पडताना हवा जाण्याच्या छिद्रातून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढून घेतो आणि तेल ताकासारखे पांढरट होते. असे तेल थर धरू शकत नाही. म्हणून पावसाळा संपून दिवाळीच्या मालाची धावपळ सुरू होण्यापूर्वीचा काळ ही तपासणी करून घेण्यास योग्य आहे.

किती किलोमीटरनंतर तेल बदलावे, याचे उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असते आणि तेच प्रमाण मानावे. बऱ्याच गाड्यांना ते ४० ते ६० हजार किलोमीटरच्या आसपास सांगितलेले असते. भरलेली गाडी, घाटरस्ता आणि पाणी यांचा नित्य संबंध असेल, तर मुदत कमी धरावी. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि पूर्वीची नोंद मिळत नसेल, तर तेल बदललेलेच नाही असे समजून चालावे.

काम गॅरेजमध्येच होणार, तरी मालकाने किंवा घरातील तरुणाने एकदा शेजारी उभे राहून ते पाहावे. गाडी थोडी चालवून आणावी, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासह बाहेर येते. ती सपाट जागी उभी करावी. प्रथम तेल भरण्याचा नट उघडतो की नाही ते पाहावे आणि मगच तळाचा नट काढावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. तेल सांडून गेले आणि वरचा नट गंजून घट्ट बसलेला निघाला, तर गाडी जागची हलविता येत नाही. तळाच्या नटाला बहुधा लोहचुंबक असते. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर चिंता नको, ती नित्याची झीज आहे. बोटाला टोचणारे तुकडे निघाले, तर मात्र गिअरबॉक्स उघडून पाहण्याची वेळ आली असे समजावे. नटाखालचा वॉशर नवा घालावा आणि तेल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत येईतो नवे तेल भरावे.

तेलाच्या डब्यावर ‘जीएल-४’ किंवा ‘जीएल-५’ असे लिहिलेले असते. क्राउनला बहुधा जीएल-५ लागते, तर पुष्कळ गिअरबॉक्सना जीएल-४. जीएल-५ मधील गंधकयुक्त द्रव्ये गिअरबॉक्समधील पितळी कड्यांना बाधक ठरू शकतात. म्हणून ‘दोन्हीकडे एकच टाकू का?’ असे मिस्त्रीने विचारल्यास पुस्तिका काढून दाखवावी.

तेल लवकर खराब होण्याचे मुख्य कारण जादा भार हे आहे. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ येते. तो अतिचार मुक्या जनावरावर शक्तीपलीकडे ओझे लादण्याविषयी सांगितला आहे. लोखंडाला वेदना नाही, हे खरे. परंतु दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरले, की ब्रेक उशिरा लागतो, उतारावर गाडी आवरत नाही आणि त्याचे फळ चालकाला, रस्त्यावरच्या माणसाला व जनावराला भोगावे लागते. तापलेले तेल ही त्याची पहिली सूचना असते. बैलाच्या काळात सांगितलेली मर्यादा पिकअपलाही लागू आहे, असे मानण्यात काही वावगे नाही.

आता घरच्या गाडीविषयी. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून ‘एएमटी’ हा स्वस्त प्रकार आला आणि क्लचविना गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आज हायलक्स व व्ही-क्रॉस यांसारख्या पिकअपही ऑटोमॅटिकमध्ये मिळतात. एएमटीच्या पोटात साधाच गिअरबॉक्स असतो, म्हणून त्याला साधे गिअर ऑइल लागते. खऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल निराळे. इंजिनाची शक्ती पुढे नेणे, आतील क्लच दाबाने चालविणे, वंगण देणे आणि उष्णता वाहून नेणे अशी चार कामे ते एकटे करते. पट्ट्याच्या ‘सीव्हीटी’चे तेल आणखी वेगळे. यांतील एकाच्या जागी दुसरे घातले, तर गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो.

या तेलाच्या इतिहासात आपण जाणून घ्यावी अशी एक गोष्ट आहे. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स जाहीर केला आणि पुढे अमेरिकेत मोटारींबरोबर पिकअपही ऑटोमॅटिक झाल्या. त्यांच्या तेलात स्पर्म व्हेल या महाकाय सागरी प्राण्याच्या तेलाचा अंश अनेक वर्षे मिसळला जात असे, कारण क्लचचे घर्षण सौम्य व एकसारखे राखण्याचा गुण त्यात होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने कायद्याने व्हेलला संरक्षण दिले. मग रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले आणि ते सापडलेही. गाडीचा गिअर सुखाने पडावा म्हणून एका पंचेंद्रिय जीवाचा बळी जात होता, आणि मर्यादा घातल्यावर अखेर त्यावाचून भागविता आले. आजचे तेल खनिज किंवा कृत्रिम असते.

ऑटोमॅटिकचे तेल बदलताना हिशेब थोडा वेगळा करावा लागतो. तळाचा नट उघडला तरी सर्व तेल बाहेर येत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. समजा एका वेळी ४० टक्के तेल निघाले. पहिल्या बदलानंतर ६० टक्के जुने तेल उरले, दुसऱ्यानंतर ३६ टक्के आणि तिसऱ्यानंतर सुमारे २२ टक्के. ही चक्रवाढीची उलटी आकडेमोड आहे. पुष्कळ चाललेल्या जुन्या गाडीत यंत्राने जोर लावून सारे तेल एकदम धुऊन काढण्यापेक्षा काही शे किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा असा बदल करणे बरे. अनेक गाड्यांना तेल मोजण्याची पट्टीच नसते, त्यांची पातळी ठरावीक तापमानाला तपासावी लागते. असे काम जाणत्याकडेच द्यावे. तेल काळसर होऊन त्याला करपट वास येत असेल आणि गिअर घसरत असेल, तर आतील क्लच झिजलेले असतात. अशा वेळी नवे तेल औषध ठरत नाही. बुडीत कर्जाला नवे कर्ज देण्यासारखेच ते आहे.

शेवटचा मुद्दा काढलेल्या तेलाचा. गॅरेजच्या मागे मातीत ओतलेले, गटारात सोडलेले किंवा वाळवी मारण्यासाठी लाकडाला फासलेले जुने तेल असंख्य जीवांच्या नाशास कारण होते. पावसाबरोबर ते ओढ्या-विहिरीपर्यंत जाते. आपले साधु-साध्वी पारिष्ठापनिका समिती पाळतात. टाकून देण्याची वस्तू परठवितानाही जागा निर्जीव आहे ना, हे पाहतात. तेवढी जयणा गृहस्थाला साधणार नाही, पण तेल डब्यात भरून ठेवणे साधेल. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेले पुनर्प्रक्रिया करणारे ते घेतात. ते कोणाकडे जाते, हे गॅरेजवाल्याला विचारावे. दोन-चार गिऱ्हाइकांनी विचारले, की त्यालाही सवय लागते.

यासाठी वहीत प्रत्येक गाडीचे एक पान उघडावे. तेल कधी बदलले, किती किलोमीटर झाले होते, कोणते तेल घातले, चुंबकावर काय दिसले आणि जुने तेल कोठे गेले, एवढे पाच रकाने पुरेत. गाडी चालविणाऱ्याला हे पान दाखवावे आणि गिअर जड पडतो की आवाज करतो, ही त्याची तक्रार त्यात त्याच्यासमोर लिहून घ्यावी. तेलाचा खर्च काही हजारांत भागतो आणि तो चालू दुरुस्तीत धरला जातो. गिअरबॉक्स गेला, तर त्याच्या कितीतरी पट रक्कम लागते आणि हंगामात गाडी आठ दिवस उभी राहते. गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या दुकानी वळलेले असते.